क्रॉलरच्या ॲक्सलमधले दाते आणि आटे गेले असतील तर

प्रश्न असा: ॲक्झियल एससीएक्स१० टू जातीचा १:१० क्रॉलर, म्हणजे दगडांवर चढणारी रिमोटची गाडी आहे. चढावर जोर दिला की पुढच्या ॲक्सलमधून कट-कट आवाज येतो आणि पुढची चाकं मधूनच थांबतात. उघडायला घेतला तर हाऊसिंगचे दोन स्क्रू भोकात नुसते गरगर फिरतात आणि तिसऱ्याची ॲलन खाच झिजून गोल झाली आहे. अख्खा ॲक्सल मागवावा, की हाच दुरुस्त होईल?

बहुतेक वेळा हाच दुरुस्त होतो. क्राऊन-पिनियनची (मोठं दातेरी चाक आणि त्याला फिरवणारं छोटं) नवी जोडी, काही बेअरिंग, थोडे शिम (जागा भरणारे पातळ वॉशर) आणि स्क्रूच्या भोकांचं काम, एवढ्यात भागतं. मात्र नवी जोडी घालून कव्हर बंद केलं आणि झालं, असं समजू नका. या ॲक्सलमधले दाते फक्त जोरामुळे फारसे जात नाहीत. क्राऊन किंवा पिनियन जागचं हललं की दात्यांची टोकं तेवढी एकमेकांत अडकतात आणि मग ती तुटतात. हलण्याचं कारण तसंच राहिलं तर नवी जोडीही त्याच वाटेने जाईल.

आधी नक्की काय गेलंय ते ठरवा, आणि ते न उघडता ठरवता येतं. बॅटरी काढा, गाडी ठोकळ्यावर ठेवा, चारही चाकं हवेत. अशा क्रॉलरच्या ॲक्सलमध्ये डिफरन्शियल (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी यंत्रणा) कायम लॉक असतं, त्यामुळे डावं-उजवं चाक नेहमी बरोबरच फिरायला हवं. (ट्रॅक्सस टीआरएक्स-४ सारख्या गाडीत लॉक रिमोटवरून लागतं-सुटतं; तिथे आधी लॉक लावून घ्या.) आता ड्राइव्हशाफ्ट (गिअरबॉक्सकडून ॲक्सलकडे येणारा दांडा) बोटांनी घट्ट धरा आणि एक चाक फिरवा. दोन्ही चाकं एकत्र फिरली आणि कट-कट झालं, तर क्राऊन-पिनियन गेलंय. एकटं तेच चाक फिरलं आणि दुसरं जागेवर राहिलं, तर दोष त्याच बाजूला आहे: हेक्सची पिन, १२ मिमीचा हेक्स (चाक ज्यावर बसतं तो षटकोनी तुकडा), युनिव्हर्सलची (शाफ्टच्या वळणाऱ्या सांध्याची) पिन किंवा लॉकरमधली (दोन्ही शाफ्ट एकत्र बांधणाऱ्या मधल्या तुकड्यातली) शाफ्टची खाच. दोन्ही चाकं फिरली पण कट-कट न होता, अगदी मोकळी, तर पिनियनच्या शाफ्टवर ड्राइव्हशाफ्टचा योक (टोकाचा जोड) नुसता फिरत असण्याची शक्यता जास्त. तिथला ग्रब स्क्रू (डोकं नसलेला छोटा स्क्रू) आधी पाहा. एका छोट्या ग्रब स्क्रूसाठी अख्खा ॲक्सल सोडवलेला पुष्कळदा पाहायला मिळतो. पुढचे-मागचे दोन्ही ॲक्सल एकदम थांबत असतील तर ॲक्सलला हातही लावू नका. गिअरबॉक्स, स्लिपर (जास्त जोर आला की घसरणारा क्लच) आणि मोटरचं पिनियन बघा.

आता तो झिजलेला स्क्रू. एम३ च्या बटन आणि काउंटरसंक डोक्याला २.० मिमीची की लागते, सॉकेट डोक्याला २.५ ची, एम३ ग्रब स्क्रूला १.५ ची. इंची सेटमधली ३/३२ ची की २.५ च्या खाचेत बसल्यासारखी वाटते, पण ती २.३८ मिमीची असते. खाच गोल होण्याचं हे एक नेहमीचं कारण. दुसरं कारण म्हणजे टोक झिजलेली की. टोकाचा मिलिमीटरभर ग्राइंडरवर सरळ कापून टाका, आत कडा पुन्हा धारदार मिळतात. कापताना पाण्यात बुडवत राहा, नाहीतर पोलाद मऊ पडेल.

२.० ची खाच गोल झाली असेल तर टॉर्क्स टी८ चं टोक हलक्या हातोडीने आत ठोका आणि खाली दाबत सावकाश फिरवा. ठोकताना हाऊसिंगला खालून लाकडाचा आधार द्या, बेअरिंगवर घाव जाऊ देऊ नका. हलला नाही तर सोल्डरिंग आयर्नचं टोक स्क्रूच्या डोक्यावर दहा-पंधरा सेकंद टेकवा. धातूत बसलेल्या स्क्रूचा थ्रेडलॉक (आट्यांना लावायचा गोंद) त्याने मऊ होतो. नायलॉनमध्ये बसलेला स्क्रूही सैल होतो, पण जास्त वेळ धरलंत तर आटेच वितळतील. तरीही नाही, तर कटिंग डिस्कने डोक्यावर आडवी चीर पाडून चपट्या स्क्रूड्रायव्हरने काढा. शेवटचा उपाय ३ मिमी ड्रिलने फक्त डोकं उडवण्याचा. कव्हर निघालं की उरलेला दांडा पकडीत धरून सहज फिरतो, कारण त्यावरचा ताण गेलेला असतो.

नुसता गरगर फिरणारा स्क्रू वर येत नसेल तर कव्हरच्या फटीत पातळ चपटं पातं घालून कव्हर किंचित उचलून धरा आणि त्याच वेळी स्क्रू उलटा फिरवा. वरचे एक-दोन आटे शिल्लक असतात, तेवढ्यावर तो निघतो.

उघडल्यावर लगेच ग्रीस पुसू नका. आधी ग्रीसमध्ये काय आहे ते बघा: चकचकीत तुकडे म्हणजे दाते तुटलेत, करडी, बारीक पेस्ट म्हणजे दाते घासत राहिलेत, म्हणजे मेश (दाते एकमेकांत किती खोल बसतात ते) बराच काळ चुकीचा होता. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने किंवा थोड्या रॉकेलने सगळं स्वच्छ करा. सीलबंद बेअरिंग मात्र रॉकेलमध्ये बुडवून ठेवू नका.

दात्यांवरच्या खुणा कारण सांगतात. फक्त टोकं गोल झाली असतील तर मेश उथळ होता, क्राऊन-पिनियन एकमेकांपासून दूर सरकत होते. मुळापासून तुटलेले दोन-तीन दाते शेजारी-शेजारी असतील तर तो एकच धक्का: चाक दगडांत अडकलेलं असताना ॲक्सिलरेटर मारला. दाते एकाच कडेला, म्हणजे फक्त आतल्या किंवा फक्त बाहेरच्या टोकाला चेपले असतील तर शिम चुकलाय. एससीएक्स१० टू च्या एआर४४ ॲक्सलमध्ये क्राऊनला ३० आणि पिनियनला ८ दाते असतात, म्हणजे ३.७५ चं गुणोत्तर. दोन्ही आकडे सम असल्याने पिनियनचा एक दात क्राऊनच्या एक सोडून एक अशा १५ दात्यांनाच भेटतो. क्राऊनवर खराबी एकाआड एक दिसली की पिनियनचा एखादा दात फुटलाय असं समजा, मग तो साध्या डोळ्यांना दिसो वा न दिसो. जुन्या एससीएक्स१० च्या ३८/१३ च्या जोडीत ही खूण मिळत नाही. तिथे वाईट दात सगळ्यांनाच भेटतो.

जोडी नेहमी एकत्रच बदला. जुन्या क्राऊनवर नवं पिनियन घातलं तर झिजलेले दाते नव्यांना आपल्या आकारात घासून काढतात. मागवताना दात्यांची संख्या मोजूनच मागवा. बाजारात ‘ओव्हरड्राइव्ह’ आणि ‘अंडरड्राइव्ह’, म्हणजे चाक मूळपेक्षा वेगाने किंवा हळू फिरवणाऱ्या जोड्याही मिळतात. गाडी सेकंडहँड असेल तर आधीच्या मालकाने काय घातलंय ते मोजल्याशिवाय कळत नाही. पुढे-मागे वेगळं गुणोत्तर मुद्दाम ठेवलेलं असेल तर ठीक, नकळत झालं तर दोन्ही ॲक्सल एकमेकांना ओढत राहतात आणि नव्या दात्यांवर सतत ताण येतो. तुटलेल्या दाताला वेल्डिंग करून कानसीने आकार देण्याच्या किंवा लेथवाल्याकडून पिनियन करून घेण्याच्या फंदात पडू नका. तिरके दाते लेथवर कापले जात नाहीत, आणि वेल्डिंगच्या उष्णतेने शेजारच्या दात्यांची कडकपणा दिलेली कातडी जाते.

नवी जोडी बसवण्याआधी बेअरिंग. प्रत्येक बेअरिंग बोटावर फिरवा, खरखर किंवा आडवा प्ले (ढिलेपणा) असेल तर बदला. पिनियनची दोन आणि क्राऊनची दोन एकदमच बदलणं शहाणपणाचं. त्यासाठी परदेशातून स्पेअर मागवायची गरज नसते. व्हर्नियरने आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी मोजा आणि बेअरिंगच्या दुकानात नंबर सांगा. ५×१०×४ म्हणजे एमआर१०५, ५×११×४ म्हणजे एमआर११५, १०×१५×४ म्हणजे ६७०० झेडझेड. पावसात, ओढ्यात चालवत असाल तर ‘टू आरएस’, म्हणजे रबरी सीलची घ्या. कोकणातली जांभ्याची धूळ किंवा घाटातला चिखल पत्र्याच्या सीलमधून सहज आत जातो.

बेअरिंग ज्या खोबणीत बसतं ती खोबणी पाहा, कारण खरा दोष पुष्कळदा तिथेच असतो. बाहेरची रिंग खोबणीत बोटाने फिरत असेल तर जोर आला की पिनियन मागे-पुढे सरकतंच. नवं हाऊसिंग हा पक्का उपाय. तोवर चालवायचं असेल तर शीतपेयाच्या ॲल्युमिनियम कॅनची पट्टी कापा. तो पत्रा साधारण ०.१ मिमी जाडीचा असतो. खोबणीच्या रुंदीएवढी, पूर्ण फेऱ्याला मिलिमीटरभर कमी अशी पट्टी आत घालून बेअरिंग दाबून बसवा. पट्टीची टोकं एकमेकांवर चढता कामा नयेत, नाहीतर बेअरिंग वाकडं बसेल. इथे फेविक्विक किंवा एम-सील चालत नाही. ग्लास भरलेल्या नायलॉनला यातलं काहीच बेअरिंगचा जोर सोसेल इतकं धरत नाही, वर सांडलेला थेंब बेअरिंगमध्ये उतरतो.

आता शिम. सगळी दुरुस्ती खरं तर इथेच जमते किंवा बिघडते. तिरक्या दात्यांच्या जोडीत पुढे जाताना पिनियन एका दिशेला ढकललं जातं आणि रिव्हर्समध्ये दुसऱ्या दिशेला. म्हणून पिनियनच्या शाफ्टला लांबीच्या दिशेने प्ले असला तर गाडी पुढे व्यवस्थित चालते आणि दगडावरून मागे घेताना कट-कट करते. आधी फक्त पिनियन आणि त्याची बेअरिंग बसवा, शाफ्ट ओढून-ढकलून पाहा. जाणवेल असा प्ले असेल तर बाहेरच्या बाजूने, योक आणि बेअरिंगच्या मध्ये ०.१ मिमीचा शिम घाला. शाफ्ट मोकळा फिरला पाहिजे पण सरकता कामा नये. शिमचा आतला व्यास शाफ्टएवढाच हवा, आणि बाहेरचा व्यास बेअरिंगच्या आतल्या रिंगपुरताच. मोठा वॉशर सीलला घासतो.

मग क्राऊन. क्राऊनच्या पाठीमागे, म्हणजे दात्यांच्या विरुद्ध बाजूला शिम घातला की क्राऊन पिनियनकडे सरकतं आणि मेश खोल होतो. ०.१ पासून सुरुवात करा. एका बाजूला शिम वाढवला की दुसऱ्या बाजूला तेवढाच कमी करावा लागतो, नाहीतर बेअरिंग आडवी दाबली जातात. पिनियनच्या डोक्यामागे, आतल्या बेअरिंगच्या पुढे घातलेला शिम पिनियनला क्राऊनच्या मध्याकडे नेतो. तो तेव्हाच वापरा जेव्हा खुणा दात्याच्या बाहेरच्या टोकालाच पडत असतील.

तपासणी दर वेळी कव्हरचे सगळे स्क्रू घट्ट करूनच. नायलॉनचं हाऊसिंग आवळताना थोडं दबतं आणि उघड्यावर छान वाटलेला मेश बंद केल्यावर जाम होतो. क्राऊनच्या चार-पाच दात्यांना मार्करची शाई लावा, बंद करा, पिनियन दोन्ही दिशांना फिरवा, उघडा. शाई दात्याच्या मध्यभागातून पुसली गेली पाहिजे. पिनियन पूर्ण १५ फेरे फिरवा. ३०/८ च्या जोडीत तेवढ्या फेऱ्यांत, क्राऊनच्या चार फेऱ्यांत, प्रत्येक दाताची प्रत्येक भेट होऊन जाते. सगळीकडे सारखा, अगदी किंचित प्ले हवा. क्राऊनच्या प्रत्येक फेऱ्यात एकाच जागी जड लागत असेल तर तो शिमचा प्रश्न नाही: क्राऊन लॉकरवर सपाट बसलेलं नाही, खाली कण अडकलाय किंवा त्याचे स्क्रू असमान आवळलेत. ते सोडवा, बैठक पुसा, समोरासमोरचे स्क्रू थोडे-थोडे करत आवळा. हे स्क्रू धातूत धातू असतील तर निळा थ्रेडलॉक प्रत्येकी एक छोटा थेंब लावा. त्याआधी आटे अल्कोहोलने कोरडे करून घ्या, तेलकट आट्यावर तो धरत नाही. पूर्ण ताकद यायला २४ तास द्या.

एक घोटाळा इथे हमखास होतो. क्राऊन पिनियनच्या डाव्या बाजूला की उजव्या, हे खोलण्याआधी फोटो काढून ठेवा. उलट बाजूला बसलं तरी काही ॲक्सल व्यवस्थित बंद होतात. पण मग पुढचा ॲक्सल मागे आणि मागचा पुढे ओढायला लागतो.

ग्रीस कमीच लावा. मॉलिब्डेनम असलेलं किंवा साधं लिथियम ग्रीस दात्यांमध्ये भरेल इतकंच. हाऊसिंग भरून टाकलं तर ते दात्यांवरून उडून कोपऱ्यात बसतं आणि टोकांच्या सीलमधून बाहेर येऊन धूळ गोळा करतं.

आता हाऊसिंगच्या भोकांकडे. आधी हे पाहा की आटे खरंच गेलेत का. नायलॉनमध्ये स्क्रू परत घालताना थेट आवळला की तो जुना आटा सोडून नवा कापतो. असं चार-पाच वेळा झालं की भोक रिकामं. स्क्रू भोकात ठेवून आधी उलटा फिरवा, ‘टक’ करून तो जुन्या आट्यात पडतो, मग सुलटा फिरवा. याने निम्मी ‘गेलेली’ भोकं पुन्हा धरतात.

खरोखर गेलं असेल तर काडी घालून भोकाची खोली मोजा. बहुतेक भोकं मूळ स्क्रूपेक्षा खोल असतात. १० मिमीच्या जागी १२ किंवा १५ चा स्क्रू घातला की खालचे न वापरलेले आटे मिळतात. तळाला टेकणार नाही ना, हे आधी नक्की करा. टेकलेला स्क्रू हाऊसिंग चिरतो. खोली नसेल तर नायलॉनचाच पातळ तुकडा, म्हणजे केबल टायची एक बारीक सळी, भोकाच्या कडेला घालून त्यावरून स्क्रू आवळा. तात्पुरतं वाटतं, पण कमी ताणाच्या कव्हरला हे बराच काळ टिकतं. भोकाच्या आत फेविक्विकचा पातळ थर देऊन, रात्रभर वाळवून, मग स्क्रू घालणं हाही त्याच तोडीचा उपाय. ओल्या गोंदात स्क्रू घालू नका, तो कायमचा बसेल.

ज्या भोकांवर जोर येतो, म्हणजे लिंकचे माउंट, सी-हब आणि नकल (पुढचं चाक धरणारे-वळवणारे भाग), तिथे असला जुगाड नको. भोवती निदान २ मिमी भिंत उरत असेल तर ३.३ मिमी ड्रिल मारून एम४ चा टॅप फिरवा. आरपार जाता येत असेल तर त्याहून उत्तम: लांब एम३ बोल्ट आणि पलीकडून नायलॉक नट. सोल्डरिंग आयर्नने बसवायचे पितळी इन्सर्ट लोक सुचवतात, पण एम३ चा नेहमीचा इन्सर्ट बाहेरून साडेचार मिमीच्या आसपास असतो; ॲक्सलच्या बॉसमध्ये एवढी जागा क्वचितच मिळते. ॲल्युमिनियमच्या हाऊसिंगमधले आटे गेले तर हेलिकॉइल (आट्यांच्या जागी बसवायची तारेची गुंडाळी) हाच योग्य उपाय, आणि तिथे थ्रेडलॉक आवश्यक. नायलॉनमध्ये मात्र थ्रेडलॉकचा काही उपयोग नाही. नवे स्क्रू हार्डवेअरच्या दुकानातून १२.९ ग्रेडचे काळे घ्या. स्टेनलेस दिसायला छान, पण त्याची खाच मऊ असते.

एकाच बाजूचं चाक सुटत असेल तर काम सोपं आहे. हेक्सची पिन मोडली असेल तर व्यास आणि लांबी मोजून तशीच कडक पोलादी पिन घाला. खिळा कापून घालू नका. तो वाकतो आणि मग शाफ्टच्या भोकातून ठोकूनही निघत नाही. प्लास्टिकचा हेक्स पिनच्या खाचेपाशी चिरतो. त्याऐवजी क्लॅम्पचा ॲल्युमिनियम किंवा पितळी हेक्स चांगला, पण जाडी मूळचीच ठेवा. जाड हेक्सने चाक बाहेर जातं आणि बाहेरच्या बेअरिंगवरचा भार वाढतो. युनिव्हर्सलच्या पिनेला धरणारा ग्रब स्क्रू थ्रेडलॉक लावूनच बसवा. तो पडला की पिन बाहेर सरकून नकल आतून कापते. योकच्या ग्रब स्क्रूसाठी शाफ्टवर चपटी खाच असेल तर स्क्रू बरोबर तिच्या मध्यावर आहे ना, हे पाहून मगच आवळा. खाचेची कड गोल झाली असेल तर छोट्या कानसीने पुन्हा सपाट करा.

हे सगळं पोलादी आणि ‘हेवी ड्युटी’ करावं का? क्राऊन-पिनियन चांगल्या पोलादाचं घ्या, जरूर. पण त्यानंतर पिन, हेक्स, ड्राइव्हशाफ्ट सगळंच कडक करत गेलात तर धक्का गिअरबॉक्सपर्यंत पोचतो, आणि तो उघडणं याहून किचकट आहे. एखादी स्वस्त, पटकन बदलता येणारी गोष्ट कमकुवत राहू द्यावी, आणि ती जागा स्लिपरची किंवा हेक्सच्या पिनेची असावी. स्लिपर पूर्ण आवळून टाकलेला असेल तर थोडा सैल करा: चाकं अडवून ॲक्सिलरेटर मारला की त्याने किंचित घसरायला हवं. १.९ इंची रिमचे साधारण १२० मिमीचे टायर काढून २.२ इंचीचे १४० मिमीचे घातले असतील, किंवा थ्री-सेल बॅटरी आणि पितळी वजनं असतील, तर ईएससीमधला (मोटरचा वेग ठरवणाऱ्या सर्किटमधला) ‘पंच’, म्हणजे सुरुवातीच्या झटक्याचं सेटिंग, खाली आणा. लॉक ॲक्सलची गाडी डांबरावर किंवा घरातल्या फरशीवर पूर्ण वळवून फिरवणंही बंद करा. तिथे टायर घसरत नाहीत, सगळा पीळ पिना आणि दात्यांवर येतो.

बसवून झाल्यावर दहा मिनिटं मऊ मातीत हलक्या हाताने पुढे-मागे चालवा, मग एकदा कव्हर उघडून बघा. ग्रीस किंचित करडं होणं चालेल, पण चकचकीत कण दिसले तर मेश अजून उथळ आहे, ०.१ चा आणखी एक शिम घाला. चाकांचे एम४ नायलॉक नट ७ मिमीच्या पान्याने आवळताना ते हाताने सहज शेवटपर्यंत जात असतील तर त्यातलं नायलॉन संपलंय. चारही नवे घाला.